‘कॅप्टन’ आला की थांबा: भूदल, नौदल आणि हवाई दलातले अधिकारी-हुद्दे कसे जुळवायचे

आमच्या शाळेत दरवर्षी २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, तालुक्यातल्या आजी-माजी सैनिकांचा सत्कार होतो. सातारा जिल्हा असल्यामुळे बोलवायला माणसं कमी नाहीत. पत्रिका छापणं आणि व्यासपीठावरच्या खुर्च्या लावणं हे काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा यादीत एक मेजर होते आणि एक कॅप्टन. मेजर मोठा, कॅप्टन लहान, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मेजरसाहेबांची खुर्ची अध्यक्षांच्या शेजारी ठेवली आणि कॅप्टनसाहेबांची अगदी टोकाला, ध्वनिक्षेपकाच्या खांबाला लागून.

कॅप्टनसाहेब नौदलातले होते. नौदलातला कॅप्टन म्हणजे भूदलातला कर्नल. मेजरच्या दोन पायऱ्या वर.

मेजरसाहेब आधी आले. खुर्च्यांवर चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठ्या त्यांनी वाचल्या, एक शब्द न बोलता आपली चिठ्ठी उचकटली, टोकाच्या खुर्चीवर नेऊन लावली आणि तिथली चिठ्ठी मधल्या खुर्चीवर आणून ठेवली. मग पाण्याचा ग्लास घेऊन खांबाजवळ जाऊन बसले. माझ्यावर कोणी रागावलं नाही, पण ती चिठ्ठी उचकटणारी बोटं मला अजून दिसतात. ज्या माणसाने पंचवीस वर्षं घालवून एक हुद्दा कमावला, त्याचा हुद्दा आपल्याला वाचता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर मी हे नीट शिकले. पत्रिका छापणारे, सूत्रसंचालन करणारे, घरातलं मूल एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) गेलेले पालक, बातमी लिहिणारे तरुण पत्रकार अशा सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून ज्या क्रमाने काम करायचं त्याच क्रमाने लिहिते आहे.

१. हुद्दा विचारण्याआधी दल विचारा

सगळ्यात मोठा घोळ दोन शब्दांत आहे: कॅप्टन आणि लेफ्टनंट.

भूदलात लेफ्टनंट ही अधिकाऱ्याची पहिली पायरी आणि कॅप्टन ही दुसरी. नौदलात पहिली पायरी सब लेफ्टनंट, दुसरी लेफ्टनंट. आणि कॅप्टन थेट पाचवी. म्हणजे नौदलातला लेफ्टनंट हा भूदलातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा, आणि नौदलातला कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या. हवाई दलात नुसता ‘कॅप्टन’ नाहीच. तिथे ‘ग्रुप कॅप्टन’ आहे आणि तोही कर्नलच्या बरोबरीचा.

असं का, हे एकदा समजलं की विसरत नाही. भूदलात कॅप्टनच्या हाताखाली फार तर एक कंपनी, म्हणजे शंभर-सव्वाशे जवान. समुद्रावर मात्र ‘कॅप्टन’ म्हणजे मोठ्या युद्धनौकेचा धनी: शेकडो माणसं, तोफा, क्षेपणास्त्रं, आणि बंदर सोडल्यावर विचारायला वर कोणी नाही. ही जबाबदारी भूदलात पलटणीच्या प्रमुखाची, म्हणजे कर्नलची. शब्द एक, पण एक जमिनीवर वाढला आणि एक जहाजावर.

दोन नावं शेजारी ठेवा. कारगिलमध्ये परमवीरचक्र मिळवणारे कॅप्टन विक्रम बत्रा हे भूदलातले, चोवीस वर्षांचे, सेवेत येऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झालेले. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा जहाज न सोडता तिच्याबरोबर गेलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला हे नौदलातले, चाळिशी ओलांडलेले, नौदलात वीसहून जास्त वर्षं काढलेले. दोघांच्या नावामागे ‘कॅप्टन’च आहे. शौर्यात तुलना नाही, पण हुद्द्यात तीन पायऱ्यांचं अंतर आहे.

आणखी दोन ‘कॅप्टन’ यादीत येऊ शकतात. मालवाहू जहाजावरचे कॅप्टन आणि विमान कंपनीतले वैमानिक कॅप्टन. हे दोघेही सैन्यातले नव्हेत. त्यांचा मान वेगळा, या शिडीवर त्यांना बसवू नका. कॉलेजातले एनसीसीचे शिक्षक-अधिकारीही लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असे हुद्दे लावतात. ते एनसीसीचे हुद्दे आहेत. त्यांच्या नावापुढे ‘एनसीसी’ लिहा, म्हणजे सगळं स्वच्छ राहतं.

२. नऊ पायऱ्यांची शिडी उतरवून घ्या

ही यादी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. क्रम नेहमी भूदल, नौदल, हवाई दल असा. खालून वर:

१. लेफ्टनंट – सब लेफ्टनंट – फ्लाइंग ऑफिसर
२. कॅप्टन – लेफ्टनंट – फ्लाइट लेफ्टनंट
३. मेजर – लेफ्टनंट कमांडर – स्क्वाड्रन लीडर
४. लेफ्टनंट कर्नल – कमांडर – विंग कमांडर
५. कर्नल – कॅप्टन – ग्रुप कॅप्टन
६. ब्रिगेडियर – कमोडोर – एअर कमोडोर
७. मेजर जनरल – रिअर ॲडमिरल – एअर व्हाइस मार्शल
८. लेफ्टनंट जनरल – व्हाइस ॲडमिरल – एअर मार्शल
९. जनरल – ॲडमिरल – एअर चीफ मार्शल

पाठ करायला जड जातं, म्हणून ओळखीची माणसं त्यावर बसवा. सचिन तेंडुलकरला २०१० मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं. धोनी २०११ मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल झाला. म्हणजे सचिन पाचव्या पायरीवर, धोनी चौथ्या. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला टीव्हीवर दोन महिला अधिकारी आल्या होत्या: कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग. कर्नल पाचवी, विंग कमांडर चौथी. आणि त्याच वर्षी अंतराळ स्थानकात जाऊन आलेले शुभांशु शुक्ला ग्रुप कॅप्टन, म्हणजे पुन्हा पाचवी. एवढी पाच माणसं लक्षात राहिली तरी शिडीचा मधला भाग पक्का होतो.

ही बरोबरी नुसती शिष्टाचाराची नाही, पगारातही आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात कर्नल, नौदलाचा कॅप्टन आणि ग्रुप कॅप्टन तिघेही तेराव्या स्तरावर आहेत, मूळ वेतन १,३०,६०० रुपयांपासून. पहिल्या पायरीवरचे तिघेही दहाव्या स्तरावर, ५६,१०० पासून. कोणी ‘हवाई दलात पगार जास्त म्हणून हुद्दा मोठा’ असं म्हणालं तर हा तक्ता दाखवा.

बढतीचंही एक सूत्र तिन्ही दलांत सारखं आहे. दोन वर्षांनी दुसरी पायरी, सहा वर्षांनी तिसरी, तेरा वर्षांनी चौथी. इथपर्यंत सेवेची वर्षं आणि ठरलेल्या परीक्षा-अटी पुरतात. पाचव्या पायरीपासून निवड मंडळ बसतं आणि तिथून शिडी झपाट्याने अरुंद होते. म्हणून एखाद्याने चौथ्या पायरीवर निवृत्ती घेतली तर ‘पुढे का नाही गेले’ असं विचारू नका. बहुतेकांची वाट तिथेच संपते, त्यात कमीपणा काही नाही.

नवव्या पायरीवर दलप्रमुख असतात. १ जानेवारी २०२० पासून संरक्षणदल प्रमुख हे पदही आलं. हुद्द्याने तेही नवव्याच पायरीवर, दलप्रमुखांच्या बरोबरीचे, पण बरोबरीच्यांत पहिले. या पायरीवर आपल्याकडची बरीच नावं आहेत: जनरल अरुणकुमार वैद्य, जनरल मनोज नरवणे, जनरल मनोज पांडे, एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक, एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी. २०२२ मध्ये तर पांडे आणि चौधरी एकाच वेळी दलप्रमुख होते, आणि नौदलप्रमुख हरिकुमार यांच्यासह तिघेही एनडीएच्या एकाच, एकसष्टाव्या तुकडीतले.

त्याच्याही वर एक सन्मानाची पायरी आहे. तिथे आजवर तिघेच पोचले: फील्ड मार्शल माणेकशा (१९७३), फील्ड मार्शल करिअप्पा (१९८६) आणि हवाई दलाचे मार्शल अर्जन सिंग (२००२). नौदलात अजून कोणी नाही.

३. खांदा वाचायला शिका

पाहुणे गणवेशात आले तर विचारायची गरजच नाही. खांद्यावर सगळं लिहिलेलं असतं.

नौदल आणि हवाई दल यांचं गणित एकच आहे: पट्ट्या मोजा. एक पट्टी पहिली पायरी, दोन पट्ट्या दुसरी. दोन जाड पट्ट्यांच्या मध्ये एक बारीक, म्हणजे अडीच, तर तिसरी. तीन पट्ट्या चौथी, चार पट्ट्या पाचवी. नंतर एकच रुंद पट्टी दिसली तर ती सहावी, कमोडोर किंवा एअर कमोडोर. रुंद पट्टीवर एक साधी, दोन साध्या, तीन साध्या असं करत सातवी, आठवी, नववी. नौदलाच्या पट्ट्या सोनेरी आणि सगळ्यात वरच्या पट्टीला गोल वेढा असतो. हवाई दलाच्या पट्ट्या फिक्या निळ्या. पांढऱ्या गणवेशात नौदलाचं चिन्ह खांद्यावर असतं, हिवाळी काळ्या कोटावर मात्र मनगटाजवळ बाहीवर. खांदा रिकामा दिसला म्हणून गोंधळू नका, बाही बघा.

नौदलाच्या सातव्या पायरीपासून वरच्यांच्या खांद्यावर आता वेगळं चिन्ह आहे, आणि ते आपल्या मातीतून गेलेलं आहे. ४ डिसेंबर २०२३ ला मालवणला नौदल दिन झाला, तिथे त्याची घोषणा झाली. शिवरायांच्या राजमुद्रेचा अष्टकोन त्या चिन्हात आहे; सोबत तलवार, दुर्बीण आणि हुद्द्याप्रमाणे तारे. नौदलाच्या निशाणावर तर हा अष्टकोन सप्टेंबर २०२२ पासूनच आहे.

भूदलात तारे, अशोकस्तंभाचे सिंह, आणि वरच्या हुद्द्यांवर तलवार व दंड (छोटी काठी) यांची फुली. दोन तारे लेफ्टनंट, तीन तारे कॅप्टन. तारे जाऊन फक्त सिंह आले की मेजर. सिंह आणि एक तारा लेफ्टनंट कर्नल, सिंह आणि दोन तारे कर्नल, सिंह आणि तीन तारे ब्रिगेडियर. मग फुली सुरू होते: फुलीवर तारा मेजर जनरल, फुलीवर सिंह लेफ्टनंट जनरल, फुलीवर तारा आणि सिंह दोन्ही असले की जनरल. कॉलरवर लाल पट्टी दिसली तर समोरचे कर्नल किंवा त्याहून वरचे आहेत एवढं लांबूनही कळतं.

रायफल रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांचे तारे काळे असतात. त्यांचा हुद्दा काही वेगळा नाही, ती त्या पलटणीची परंपरा. ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि वरच्या सगळ्यांचा गणवेश रेजिमेंट कोणतीही असो, एकसारखा केला आहे. त्यामुळे जुन्या फोटोतला ब्रिगेडियर आणि आजचा ब्रिगेडियर वेगळे दिसू शकतात.

इथे एक सापळा आहे. ‘टू-स्टार ऑफिसर’, ‘थ्री-स्टार ऑफिसर’ असं बातम्यांत येतं, त्याचा खांद्यावरच्या ताऱ्यांशी संबंध नाही. ते तारे गाडीवरच्या लाल पाटीचे: ब्रिगेडियरला एक, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन, जनरलला चार. खांद्यावर दोन तारे लावणारा लेफ्टनंट बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा असतो आणि ‘टू-स्टार’ अधिकारी अख्ख्या डिव्हिजनचा प्रमुख असू शकतो.

पोलिसांच्या खांद्यावरही तारे आणि सिंह असतात. दोन तारे आणि लाल-निळी फीत म्हणजे आपले फौजदार, पोलीस उपनिरीक्षक. तटरक्षक दल नौदलासारखंच समुद्रावर असलं तरी त्यांचे हुद्दे निराळे: असिस्टंट कमांडंट, डेप्युटी कमांडंट, कमांडंट, डीआयजी असे. त्यांना नौदलाच्या यादीत घालू नका.

४. जिथे नावच फसवतं ती ठिकाणं

मेजर हा लेफ्टनंटपेक्षा मोठा, मग मेजर जनरल लेफ्टनंट जनरलपेक्षा लहान कसा? हा प्रश्न दर वर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो आणि तो योग्यच आहे. जुन्या इंग्रजी सैन्यात हा हुद्दा ‘सार्जंट मेजर जनरल’ होता. पुढे ‘सार्जंट’ गळालं आणि ‘मेजर जनरल’ उरलं. लेफ्टनंट जनरल म्हणजे जनरलच्या जागी उभा राहू शकणारा, म्हणून तो वर.

‘व्हाइस’ शब्दावर भरवसा ठेवू नका. व्हाइस ॲडमिरल आठव्या पायरीवर, एअर व्हाइस मार्शल सातव्या. दोघांना एका ओळीत बसवायची चूक फार सहज होते.

स्क्वाड्रन लीडर स्क्वाड्रनचा प्रमुख नसतो. स्क्वाड्रन बहुतेक वेळा विंग कमांडर किंवा ग्रुप कॅप्टनच्या ताब्यात असते. फ्लाइंग ऑफिसर विमान उडवतोच असं नाही. हिशेब, रसद, हवामान या शाखांतल्या नव्या अधिकाऱ्यांचाही हुद्दा हाच. १९७१ मध्ये श्रीनगरच्या आकाशात एकट्याने लढून परमवीरचक्र मिळवणारे निर्मलजीत सिंग सेखों मात्र फ्लाइंग ऑफिसर होते आणि वैमानिकही.

नौदलातल्या डॉक्टरांच्या हुद्द्याआधी ‘सर्जन’ लागतं: सर्जन लेफ्टनंट, सर्जन कमांडर, सर्जन कॅप्टन. शस्त्रक्रिया करणारे असोत की बालरोगतज्ज्ञ, सगळ्यांना लागतं. भूदल आणि हवाई दलातल्या डॉक्टरांना असं काही लागत नाही. माधुरी कानिटकर बालरोगतज्ज्ञ, पण हुद्दा सरळ लेफ्टनंट जनरल. ही बरोबरी प्रत्यक्षात कशी चालते याचं सगळ्यात चांगलं उदाहरण डॉ. पुनिता अरोरा यांचं. २००४ मध्ये त्या लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या प्रमुख होत्या. नंतर त्या नौदलात गेल्या आणि सर्जन व्हाइस ॲडमिरल झाल्या. दल बदललं, गणवेश बदलला, पायरी तीच, आठवी.

जुन्या फोटोंतही फसगत होते. रामा राघोबा राणे यांना १९४८ च्या पराक्रमासाठी परमवीरचक्र मिळालं तेव्हा ते सेकंड लेफ्टनंट होते, खांद्यावर एक तारा. आज तो हुद्दा दिला जात नाही; हवाई दलातला पायलट ऑफिसरही तसाच गेला. राणे पुढे मेजर म्हणून निवृत्त झाले. अशा वेळी पराक्रमाच्या वेळचा हुद्दा लिहायचा की निवृत्तीचा, हे आधी ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा. राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात गेले ते स्क्वाड्रन लीडर म्हणून, निवृत्त झाले विंग कमांडर म्हणून. दोन्ही लिहिलेलं सापडतं आणि दोन्ही बरोबर आहे.

५. सुभेदारसाहेब: इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या

आमच्या भागात सत्काराच्या यादीत अधिकारी मोजके असतात, सुभेदार आणि हवालदार खूप. आणि इथेच बाहेरून आलेला सूत्रसंचालक हमखास चुकतो.

भूदलात जवान आणि अधिकारी यांच्या मध्ये एक वेगळा थर आहे: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. रणगाडा दळात हेच नायब रिसालदार, रिसालदार, रिसालदार मेजर. इंग्रजांच्या काळात हिंदी माणसाला बराच काळ पूर्ण कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याची नेमणूक, मिळत नसे, तेव्हा पलटण आणि गोरा साहेब यांच्यातला दुवा म्हणून हा थर उभा राहिला. स्वातंत्र्यानंतरही तो राहिला, कारण पलटण खऱ्या अर्थाने हेच लोक चालवतात. शिपाई म्हणून भरती होऊन पंधरा-वीस वर्षं घासल्यावर हा मान मिळतो.

यांच्याही खांद्यावर तारे असतात. नायब सुभेदाराला एक, सुभेदाराला दोन, सुभेदार मेजरला सिंह. फरक एवढाच की खाली लाल-पिवळी फीत असते. फीत नजरेतून सुटली की सुभेदार लेफ्टनंट वाटतो आणि सुभेदार मेजर चक्क मेजर. आमच्याकडे एका वर्षी निवेदकाने सुभेदार मेजरना ‘मेजरसाहेब’ म्हणून पुकारलं. ते उठले नाहीत. तीनदा पुकारल्यावर शेजारच्याने सांगितलं तेव्हा उठले, आणि ध्वनिक्षेपकासमोर आल्यावर पहिलं वाक्य बोलले, ‘मी सुभेदार मेजर आहे.’ त्यात तक्रार नव्हती. जो मान आपला नाही तो घ्यायचा नाही आणि जो आहे तो सोडायचा नाही, असं ते होतं.

यांना हाक मारायची ती ‘सुभेदारसाहेब’ किंवा ‘सुभेदार मेजरसाहेब’. पलटणीतला तरुण अधिकारीसुद्धा त्यांना ‘साब’ म्हणूनच बोलतो. नौदलात आणि हवाई दलात याच उंचीवर मास्टर चीफ पेटी ऑफिसर आणि वॉरंट ऑफिसर असतात: सुभेदार मेजरच्या बरोबरीला प्रथम श्रेणीचा मास्टर चीफ पेटी ऑफिसर आणि मास्टर वॉरंट ऑफिसर.

आता मानद हुद्दे. उत्तम सेवेबद्दल सुभेदार आणि सुभेदार मेजर यांना २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा दिला जातो. गावात ज्यांना सगळे ‘कॅप्टन’ म्हणतात ते पुष्कळदा हे मानद कॅप्टन असतात. पत्रिकेवर ‘मानद कॅप्टन’ असंच छापा. ‘मानद’ गाळणं चूक आणि ‘नुसते मानदच आहेत’ असं म्हणणं त्याहून मोठी चूक. सेवेत दोन वर्षं झालेला कॅप्टन आणि अठ्ठावीस-तीस वर्षं झालेले मानद कॅप्टन एकाच व्यासपीठावर आले तर शिष्टाचाराने नियमित अधिकारी वर बसतो. आमच्या शाळेत मी मानद कॅप्टनना आधी बसवते. आजवर एकाही तरुण अधिकाऱ्याने हरकत घेतलेली नाही, उलट तेच खुर्ची ओढून देतात.

हवालदार हा शब्द तर आपल्याला जुना. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस, कारखानीस यांच्या हाती असे. आज सैन्यातला हवालदार दंडावर तीन बाण लावतो. निवृत्तीच्या वेळी काही हवालदारांना मानद नायब सुभेदार केलं जातं, तेही विचारून घ्या.

६. हुद्दा वेगळा, नेमणूक वेगळी

कमांडिंग ऑफिसर, कमांडंट, ॲड्ज्युटंट, स्टेशन कमांडर ही नेमणुकीची नावं आहेत. नौदलात जहाजाच्या प्रमुखाला जहाजावर ‘कॅप्टन’ म्हणतात, मग त्याचा हुद्दा कमांडर असो की लेफ्टनंट कमांडर. ‘कर्नल ऑफ द रेजिमेंट’ हा तर मानाचा पालकत्वाचा अधिकार. तो सांभाळणारे बहुधा लेफ्टनंट जनरल असतात. त्यांना पत्रिकेवर ‘कर्नल’ केलंत तर तीन पायऱ्या खाली ओढलंत.

आठवी पायरी समजून घ्यायला आपला महाराष्ट्र पुरेसा आहे. पुण्यात दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल, मुंबईत पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल, नागपूरला हवाई दलाच्या देखभाल कमांडचे प्रमुख एअर मार्शल. तीन शहरं, तीन गणवेश, एकच पायरी. खडकवासल्याला एनडीएचे कमांडंटही याच पायरीवरचे, आणि ते कधी भूदलाचे, कधी नौदलाचे, कधी हवाई दलाचे असतात.

७. कागद आणि साधनं

- वर दिलेली नऊ पायऱ्यांची यादी, छापून.
- पाहुण्यांचा शक्यतो गणवेशातला फोटो.
- निवृत्तांसाठी माजी सैनिक ओळखपत्र किंवा निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे पीपीओ. त्यावर शेवटचा हुद्दा असतो. मागताना ‘पडताळणी’ हा शब्द वापरू नका. ‘पत्रिकेत चूक नको म्हणून’ असं सांगा, ते खरंही आहे.
- जवान आणि सुभेदारांचं डिस्चार्ज बुक, घरचे दाखवायला तयार असतील तर.
- शंका राहिली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

पीपीओ दिवंगत सैनिकांच्या बाबतीत फार उपयोगी पडतो. घरच्यांना ‘मिलिटरीत मोठे साहेब होते’ एवढंच आठवत असतं. कागद मिळाला की नाव सन्मानाने आणि बरोबर वाचता येतं.

८. पत्रिका छापणं आणि खुर्च्या लावणं

हुद्दा नावाच्या आधी, ‘निवृत्त’ नावाच्या नंतर कंसात. ‘निवृत्त कर्नल अमुक’ असं नाही, ‘कर्नल अमुक (निवृत्त)’ असं. निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही, असं सैन्यात मानतात आणि ते फार मनापासून मानतात. ‘श्री. कर्नल’, ‘कर्नल श्री.’ असं दुहेरी काही लावू नका. महिला अधिकाऱ्यांचा हुद्दा तोच, त्याला स्त्रीलिंगी रूप नाही. शौर्यपदकं आणि सेवापदकं नावानंतर, आणि नौदलाच्या कॅप्टनच्या नावापुढे कंसात ‘भारतीय नौदल’ नक्की.

बसवताना शिडीवरची पायरी बघा, शब्द नाही. एकाच पायरीवरचे दोघे असतील तर ज्यांना तो हुद्दा आधी मिळाला ते ज्येष्ठ. तारीख विचारायला लाजू नका, सेवेतल्या माणसाला ही चौकशी नवी नाही. वीरमाता आणि वीरपत्नी यांना या शिडीत बसवू नका. त्यांच्या खुर्च्या सगळ्यांच्या आधी लावा, मधोमध. हे मी कुठल्या नियमपुस्तकातून घेतलेलं नाही, पण आजवर आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने त्यांच्यासाठी स्वतः उठून जागा केलेली मी पाहिली आहे.

पत्रिका छापायला देण्याआधी प्रत्येक पाहुण्याला एक फोन करा आणि सरळ विचारा: ‘साहेब, आपलं नाव आणि हुद्दा आपण कसं लिहिता ते सांगाल का? मी लिहून घेते.’ ते सांगतील तसं, अक्षर न अक्षर लिहून घ्या, आणि परत वाचून दाखवा. फोनवर ‘लेफ्टनंट कर्नल’ आणि ‘लेफ्टनंट कमांडर’ यांतला शेवटचा शब्द हमखास निसटतो.

कार्यक्रमाच्या सकाळी खुर्च्यांवरच्या चिठ्ठ्यांवर मी आता हुद्दा, नाव आणि खाली दल असं तिन्ही लिहिते: ‘कॅप्टन’ आणि त्याखाली ‘नौदल’. चिठ्ठ्या चिकटवत नाही, नुसत्या ठेवते, वर सुपारी. आणि दोन कोऱ्या चिठ्ठ्या व पेन पदराशी असतं, कारण कोणी ना कोणी न कळवता आपल्या जुन्या साहेबांना सोबत घेऊन येतंच.